मर्यादेतला डाव : नो-लिमिट खेळणाऱ्याने लिमिट पोकर कोणत्या पुस्तकांतून शिकावे?

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण बलिप्रतिपदा किंवा दिवाळी पाडवा म्हणतो. तिचे आणखी एक नाव आहे द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले अशी कथा आहे. आमच्या शहापूर-मुरबाड भागात दिवाळी येते ती भात कापणीच्या घाईत, त्यामुळे पत्त्यांची खरी बैठक जमते ती गणपतीच्या जागरणाला. पण सण कोणताही असो, डाव मांडताना पहिला प्रश्न एकच असतो : बोली कितीपर्यंत लावायची?

आपल्या परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध डाव सभापर्वातला आहे. युधिष्ठिराने धन लावले, राज्य लावले, भाऊ लावले, स्वतःला लावले आणि शेवटी द्रौपदीला. शकुनीचे कसब जितके त्या अनर्थाला कारण झाले, तितकीच ही गोष्टही कारण झाली, की त्या डावात पणाला मर्यादा नव्हती. आजच्या भाषेत तो 'नो-लिमिट' डाव होता. महाभारतातच वनपर्वात दुसरा एक जुगारी भेटतो, तो म्हणजे राजा नल. तोही सर्वस्व हरतो, पण पुढे ऋतुपर्ण राजाकडे सारथी असताना त्याला एक गुरू सापडतो. ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे न मोजता सांगतो, नल मोजून पाहतो, हिशेब बरोबर निघतो. मग आपल्या अश्वविद्येच्या बदल्यात नल त्याच्याकडून अक्षविद्या घेतो. आधी खेळलेला माणूस पुन्हा शिकायला बसतो आणि मोजण्यापासून सुरुवात करतो, ही त्या कथेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. या लेखाचा विषयही तोच आहे, फक्त फाशांच्या जागी पत्ते आहेत.

प्रश्न कुठून आला

मी किन्हवली परिसरात बरीच वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. संभाव्यतेचा धडा आला की पत्त्यांचा कॅट वर्गात नेण्याची माझी सवय मुलांना माहीत होती. त्यांच्यापैकी एक, आता भिवंडीच्या एका गोदामात नोकरी करणारा, काही वर्षे मोबाइलवर नो-लिमिट होल्डेम पोकर खेळत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायची ॲप बंद झाली. त्यानंतर तो घरी आला आणि म्हणाला, "सर, आता मित्रांबरोबर बिनपैशांचं खेळायचं ठरवलंय. चिंचोक्यांवर नो-लिमिट खेळून पाहिलं, पण कुणीही उठतो आणि सगळे चिंचोके पुढे ढकलतो. म्हणून लिमिट शिकायचंय. पुस्तकं कोणती घेऊ?"

त्याच्याजवळ नो-लिमिटची दोन पुस्तके होती आणि तीच चालतील अशी त्याची समजूत होती. पत्ते तेच, हातांचा क्रम तोच, मग पुस्तक वेगळे कशाला? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना मी लिमिट पोकरची बरीच पुस्तके वाचून काढली. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

दोन खेळांतला एकच फरक

तीन पत्ती खेळणाऱ्याला पोकरची ओळख करून देणे सोपे आहे. टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. नंतर टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी आधी तीन, मग एक, मग आणखी एक असे पाच पत्ते उघडे मांडतात. त्यांना अनुक्रमे फ्लॉप, टर्न आणि रिव्हर म्हणतात. या सातांतून ज्याचे पाच पत्ते सर्वांत चांगले, तो पॉट घेतो. बोलीच्या फेऱ्या चार : फ्लॉपच्या आधी, फ्लॉपवर, टर्नवर आणि रिव्हरवर.

नो-लिमिटमध्ये कोणत्याही फेरीत समोरचे सगळे पुढे ढकलता येते. लिमिटमध्ये बोलीचा आकार ठरलेला असतो. पहिल्या दोन फेऱ्यांत लहान बोली, शेवटच्या दोन फेऱ्यांत तिच्या दुप्पट मोठी बोली. एका फेरीत साधारणपणे एक बोली आणि तीन वाढी, त्यापुढे नाही. नियमांतला फरक एवढाच आहे. पण या एका फरकाने चांगल्या-वाईट खेळाची व्याख्याच बदलते. नो-लिमिटमध्ये पत्ता पाहण्याची किंमत खेळाडू ठरवतो. लिमिटमध्ये ती नियमाने ठरलेली असते आणि खेळाडूने फक्त घ्यायचे की सोडायचे एवढे ठरवायचे असते.

त्याच पत्त्यांचे दोन हिशेब

चिंचोक्यांवर उदाहरण घेऊ. लहान बोली २, मोठी बोली ४. पाच जणांनी प्रत्येकी २ टाकले, पॉट १० झाला. तुमच्या हातात बदामाचे दोन पत्ते आहेत आणि फ्लॉपवर आणखी दोन बदाम आले. पाचवा बदाम आला तर तुमचा फ्लश होतो. तुम्हाला पाच पत्ते दिसले आहेत, न दिसलेले ४७, त्यांत बदाम ९. म्हणजे पुढच्याच पत्त्यावर बदाम येण्याच्या विरुद्ध ३८ आणि बाजूने ९; सुमारे ४.२ ला १.

लिमिटमध्ये एकाने २ लावले, दोघांनी तेवढेच टाकले. पॉट १६ झाला. तुम्ही २ देऊन १६ साठी खेळता, म्हणजे ८ ला १. धोका ४.२ चा आणि मोबदला ८ चा. इथे पत्ते टाकणे ही सरळ चूक ठरते.

आता तेच नो-लिमिटमध्ये पाहू. पॉट १० असताना पहिल्याने आपले सगळे ३० चिंचोके पुढे ढकलले आणि बाकीचे उठले. तुम्हाला ३० देऊन ४० साठी खेळायचे आहे. त्यासाठी शंभरातून ४३ वेळा तरी जिंकायला हवे. टर्न आणि रिव्हर असे दोन्ही पत्ते मिळून बदाम येण्याची शक्यता आहे ३५ टक्के. आता ते पत्ते धरून ठेवणे ही चूक ठरते. पत्ते तेच, फ्लॉप तोच, आणि बरोबर उत्तर उलटे.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही पाहावी. तुमच्याकडे राजांची जोडी आहे आणि टेबलावर दोन बदाम. नो-लिमिटमध्ये मोठी बोली लावून फ्लशची वाट पाहणाऱ्याला हाकलता येते. लिमिटमध्ये त्याला हाकलण्याइतकी मोठी बोली नसते. एकच उपाय असतो : उजवीकडच्याने २ लावले की लगेच वाढवून ४ करणे. मग पुढच्याला २ देऊन १२ साठी खेळण्याऐवजी ४ देऊन १६ साठी खेळावे लागते. ६ ला १ चा मोबदला ४ ला १ वर येतो आणि त्याचा सौदा काठावर जातो. लिमिटच्या पुस्तकांत 'तुमच्या कोणत्या बाजूचा माणूस बोली लावणार' या प्रश्नावर पानेच्या पाने खर्च होतात, त्याचे कारण हे.

सुरुवातीचे पत्ते निवडण्यातही हा फरक उतरतो. चौक्यांची जोडी हातात असेल तर फ्लॉपवर तिसरा चौक्का येण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळा एकदा. नो-लिमिटमध्ये त्या एका वेळी समोरच्याचे सगळे काढता येते, म्हणून सात-साडेसात वेळचे छोटे नुकसान परवडते. लिमिटमध्ये वसुली ठरलेल्या बोल्यांपुरतीच, त्यामुळे डावात बरेच जण असतील तरच लहान जोडी खेळावी. उलट राजा-राणीसारखे मोठे पत्ते, ज्यांची एक मोठी जोडी होऊन पॉट मिळतो, ते इथे भाव खातात.

शेवटच्या पत्त्यावरचा सर्वांत महाग धडा

नो-लिमिटमध्ये चांगला हात सोडून देण्याची हिंमत ही शिस्त मानली जाते. रिव्हरवर पॉट ४४ असताना समोरच्याने ४४ लावले, तर तुम्ही ४४ देऊन ८८ साठी खेळता. तीनातून एकदा तरी जिंकायला हवे. शंका असेल तर सोडणे बरे.

लिमिटमध्ये त्याच जागी समोरच्याला ४ च लावता येतात. तुम्ही ४ देऊन ४८ साठी खेळता. अशा १३ प्रसंगांत १२ वेळा हरलात तर ४८ गेले, एकदा जिंकलात तर ४८ आले. म्हणजे तेरांतून एकदा जिंकले तरी हिशेब फिटतो, त्याहून जास्त वेळा जिंकलात तर फायदाच. नो-लिमिटमधून आलेला खेळाडू इथे जुन्या शिस्तीने पत्ते टाकत राहतो आणि आपण संयमाने खेळतो आहोत असे समजतो. प्रत्यक्षात तो भरलेले पॉट दान करत असतो. जुने पुस्तक नव्या खेळाला का चालत नाही, याचे याहून सोपे उदाहरण मला देता येणार नाही.

पुस्तक पारखण्याच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी : पुस्तक कोणत्या बोलीसाठी लिहिले आहे? मुखपृष्ठावर 'होल्डेम' एवढेच असेल तर आतली उदाहरणे पाहावीत. बोलीचे आकार दर वेळी वेगळे दिसले, पॉटच्या अर्ध्या किंवा पाऊण बोलीची चर्चा दिसली, तर ते नो-लिमिटचे. २००३ साली ख्रिस मनीमेकर हा हौशी खेळाडू अमेरिकेतली जागतिक स्पर्धा जिंकला, टीव्हीवर नो-लिमिटची लाट आली आणि त्यानंतरची बहुतेक पुस्तके त्याच खेळाची निघाली. म्हणून लिमिटची चांगली पुस्तके जुनी असतात. ते वैगुण्य समजू नये. नियम बदललेले नाहीत.

दुसरी कसोटी : पुस्तकातले प्रतिस्पर्धी कसे आहेत? कुणीच पत्ते टाकत नाही अशा नवशिक्यांच्या टेबलाचा सल्ला आणि मुरलेल्या खेळाडूंच्या टेबलाचा सल्ला एकमेकांच्या विरुद्ध जातो. फसवणुकीची बोली, म्हणजे ब्लफ, पाहणारे सगळेच असतील तिथे फुकट जाते.

तिसरी कसोटी : लेखक हिशेब दाखवतो का? 'हा हात टाका' एवढेच सांगणारे पुस्तक परिस्थिती थोडी बदलली की निरुपयोगी होते. पॉट किती, द्यायचे किती, येणारे पत्ते किती हे मांडून दाखवणारे पुस्तक वाचकाला पुढचा प्रश्न स्वतः सोडवायला शिकवते. गणिताच्या गाइडात आणि पाठ्यपुस्तकात जो फरक असतो, तोच हा.

कोणती, आणि कोणत्या क्रमाने

या कसोट्यांवर उतरणारे पहिले पुस्तक म्हणजे डेव्हिड स्क्लान्स्कीचे 'द थिअरी ऑफ पोकर'. ऐंशीच्या दशकातले हे लेखन एका विशिष्ट खेळाला बांधलेले नाही, पण त्यातली बहुतेक उदाहरणे ठरलेल्या बोलीच्या खेळांतली आहेत. आपले पत्ते पाहून समोरचा जसा खेळला असता त्याहून वेगळा खेळला की फायदा आपला, हे त्याचे मूलभूत सूत्र. 'सेमी-ब्लफ' ही संज्ञाही त्याचीच : आज हात कच्चा, पण पुढे पिकण्याची शक्यता असलेला, अशा वेळी लावलेली बोली. भाषा थोडी जड आहे. एका बैठकीत एकच प्रकरण वाचावे.

दुसरे, ली जोन्सचे 'विनिंग लो-लिमिट होल्डेम' (१९९४). टेबलावर निम्म्याहून जास्त लोक फ्लॉप पाहायला थांबतात अशा खेळासाठी ते लिहिले आहे. मित्रांचे टेबल असेच असते. मोजक्या पानांत काय खेळावे, काय सोडावे हे सांगते. नो-लिमिट खेळलेल्या माणसाने ते सावकाश वाचावे, कारण 'हे मला येते' असे वाटणाऱ्या पानांतच फरक दडलेला असतो.

तिसरे, आणि एकच घ्यायचे असेल तर माझ्या मते हेच : एड मिलर, डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन मॅल्मथ यांचे 'स्मॉल स्टेक्स होल्डेम' (२००४). टेबल जोन्सच्याच प्रकारचे, पण शिकवण अधिक धीट. पॉट मोठा झाला की तो जिंकण्याची थोडीशी शक्यताही मोलाची असते, म्हणून तिथे बचत करू नये, हे या पुस्तकाचे सार आहे. वर दिलेला रिव्हरचा हिशेब त्यात वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो. शेवटी सोडवायला उदाहरणेही आहेत. आधी उत्तर वहीत लिहावे आणि मगच लेखकांचे उत्तर पाहावे.

यानंतर स्क्लान्स्की आणि मॅल्मथ यांचे 'होल्डेम पोकर फॉर अॅडव्हान्स्ड प्लेयर्स'. हे १९८८ मध्ये निघाले आणि १९९९ मध्ये वाढवले गेले. सुरुवातीच्या हातांचे आठ गट याच परंपरेतले. हे मुरलेल्या टेबलासाठी आहे, म्हणून आधी वाचले तर गोंधळ होतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही पुस्तके नऊ-दहा खेळाडूंचे टेबल धरून लिहिली आहेत. आपल्याकडे ओटीवर चार-पाच जण बसतात. माणसे कमी असली की न पाहता टाकायच्या बोलीची पाळी लवकर येते, समोर भारी पत्ते असण्याची शक्यता कमी होते आणि पुस्तकात 'टाका' म्हटलेले बरेच हात खेळण्याजोगे होतात. त्यासाठी निक ग्रुड्झिएन आणि जेफ हर्झॉग यांचे 'विनिंग इन टफ होल्डेम गेम्स' (२००७) आहे. ते कमी खेळाडूंच्या लिमिट टेबलावरच लिहिले आहे, पण कठीण आहे. वर्षभर खेळल्यावर घ्यावे.

डॉयल ब्रन्सनचे सत्तरच्या दशकाअखेरचे 'सुपर/सिस्टम' मजेसाठी वाचण्यासारखे आहे. त्यात नो-लिमिटचे प्रकरण स्वतः ब्रन्सनचे आणि लिमिट होल्डेमचे १९७८ चा विजेता बॉबी बाल्डविन याचे. एकाच बांधणीत दोन स्वभाव दिसतात. बिल चेन आणि जेरॉड अँकनमन यांचे 'द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर' (२००६) गणिताची आवड असलेल्यांसाठीच. आणि डॅन हॅरिंग्टनचे 'हॅरिंग्टन ऑन होल्डेम', जे माझ्या विद्यार्थ्याकडे होते, ते नो-लिमिट स्पर्धांसाठी उत्तम आहे, पण इथे कपाटात ठेवावे. आपल्याजवळ किती शिल्लक आहे यावरून केव्हा सगळे लावायचे, हा त्याचा गाभा. लिमिटमध्ये तो प्रश्न क्वचितच उद्भवतो.

यंत्राने आधी कोणता खेळ सोडवला

जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात जाहीर केले, की दोघांमधले लिमिट होल्डेम व्यवहारतः सुटले आहे. त्यांच्या 'सेफियस' या प्रोग्रॅमविरुद्ध माणूस आयुष्यभर खेळला तरी खात्रीने फायद्यात राहू शकत नाही. नो-लिमिटमध्ये नामांकित व्यावसायिकांना हरवायला यंत्राला २०१७ उजाडले, आणि तो खेळ त्या अर्थाने सुटलेला नाहीच. कारण बोलीतच आहे. लिमिटमधल्या निर्णयाच्या जागा साधारण १ वर १४ शून्ये इतक्या. नो-लिमिटमध्ये १ वर १६० शून्यांहून जास्त.

यावरून लिमिट हा हलका खेळ आहे असे समजू नये. दोघांचा डाव सुटला, पाच-सहा जणांचा नाही. पण शिकणाऱ्यासाठी यात दिलासा आहे : हा खेळ मोजण्याच्या आवाक्यातला आहे. नल जिथून शिकला तिथूनच हा शिकता येतो.

कसब, कायदा आणि चिंचोके

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला आणि त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटले. पोकरबद्दल उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच मानला, इतरत्र वेगळी मते आली. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारविरोधी कायदा आजही आहे. शेजारच्या गोव्यात परवाना असलेल्या कॅसिनोंत पोकर चालतो. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य-नशीब हा वादच बाजूला ठेवला, दोन्ही बंद.

ज्यांना वाटते की पुस्तके वाचली, कसब आले, आता पैसे लावायला हरकत नाही, त्यांनी एक हिशेब करून पाहावा. लिमिटमध्ये शंभर डावांमागे सरासरी एक मोठी बोली जिंकणारा खेळाडू चांगला मानतात. पण शंभर डावांतला चढउतार साधारण पंधरा मोठ्या बोल्यांचा असतो. दहा हजार डावांनंतर अपेक्षित कमाई १०० बोल्या आणि चढउतार १५०. म्हणजे इतके खेळूनही चांगला खेळाडू तोट्यात असणे अगदी शक्य आहे. तासाला ३० डाव धरले तर दहा हजार डावांना तीनशे तासांवर वेळ लागतो. एवढ्या काळात महिन्याचा पगार लावणाऱ्याचे घर किती धक्के सोसेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. कौशल्य खरे आहे, पण ते इतक्या सावकाश दिसते की घरखर्च त्याची वाट पाहू शकत नाही.

चिंचोक्यांवर मात्र लिमिट उत्तम चालते, आणि माझ्या विद्यार्थ्याचा अंदाज तिथे बरोबर होता. बिनपैशांच्या नो-लिमिटमध्ये सगळे पुढे ढकलण्याला किंमत नसते, म्हणून खेळ विस्कटतो. लिमिटमध्ये बोली ठरलेली असल्यामुळे रात्रीअखेरचा चिंचोक्यांचा हिशेब हा ब्रिजच्या गुणांसारखा होतो. प्रत्येकाला सारखे चिंचोके द्यावेत, हरलेल्याला पुन्हा द्यावेत पण वहीत नोंदवावेत, आणि महिनाभराची बेरीज करावी. एका रात्रीचा राजा महिन्याच्या बेरजेत कुठे जातो, हे पाहण्यात मोठी गंमत आहे.

पुस्तके महाग असतात. म्हणून चार-पाच मित्रांनी मिळून आधी 'स्मॉल स्टेक्स होल्डेम' घ्यावे, मग 'द थिअरी ऑफ पोकर'. एकाने प्रकरण वाचून इतरांना मराठीत समजावावे, आणि त्या रात्री तेवढाच मुद्दा डोक्यात ठेवून खेळावे. पॉटमध्ये किती चिंचोके आहेत, हे प्रत्येकाने आपल्या पाळीला मोठ्याने सांगायचे, असा नियम पहिले काही दिवस करावा. मोजणे अंगवळणी पडले की निम्मे पुस्तक आपोआप समजते.